बंड्याचे उपास

आमच्या मजल्यावरचे श्यामकांत परब आयुष्यभर एका पतपेढीच्या काउंटरमागे बसले आणि निवृत्त झाले, तेव्हा त्यांची खुर्ची रिकामी झाल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. मुलुंडच्या आमच्या सोसायटीतही तीच गत. सभेत ते बोलायला उभे राहिले की लोक चहाचे कप गोळा करायला लागत. अशा माणसाला साठीनंतर मोठेपण मिळालं ते एका कुत्र्यामुळे, आणि तेही त्याने जेवण टाकल्यामुळे!

कुत्र्याचं नाव बंड्या. पिल्लू असताना श्यामकांतांच्या बायकोने, उत्तराताईंनी, रस्त्यावरून उचलून आणलेला. एका संकष्टीला त्याने सकाळी कुत्र्यांसाठी दुकानात मिळणारे कडक दाणे नुसते हुंगले आणि तो बाजूला झाला. दुपारी पोळीचा तुकडाही नको. चंद्रोदयानंतर उत्तराताईंनी उकडीचा मोदक पुढे ठेवला, तो मात्र गट्टम. झालं! श्यामकांतांनी बंड्याच्या कपाळाला गंध लावून फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, 'आमचा बंड्या संकष्टी करतो.'

खरं तर लोकांनी हसायला हवं होतं. पण आमच्या सोसायटीची अक्कल मी जाणून आहे. लोक दर्शनाला आले. सेक्रेटरी अनिरुद्ध, जो एरवी श्यामकांतांना जिन्यात ओळखही दाखवत नसे, तो पेढे घेऊन आला आणि बंड्याच्या पुढच्या पायांना हात लावून गेला.

पुढे बंड्या अधूनमधून इतर दिवशीही जेवेना. श्यामकांत भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे उभे राहत. आपल्या कॅलेंडरात उपासाला काय तोटा? एकादशी निघे, प्रदोष निघे, काहीच नाही निघालं तर वार असेच. गुरुवारी बंड्या दत्तभक्त, शनिवारी मारुतीचा. खुद्द श्यामकांतांचा उपास म्हणजे दोन वेळा साबुदाण्याची खिचडी आणि मध्ये बटाट्याचे वेफर्स.

बंड्याच्या बरगड्या दिसायला लागल्या. मला त्या माणसाचा मनापासून राग यायचा. एकदा माझ्यासमोरच उत्तराताई म्हणाल्या, "अहो, त्याच्या तोंडाला घाण वास येतोय."

"उपाशीपोटी येतोच गं," श्यामकांत म्हणाले.

शेवटी उत्तराताई मला सोबत घेऊन बंड्याला प्राण्यांच्या डॉक्टर जान्हवीकडे घेऊन गेल्या. तिने त्याचा ओठ वर केला आणि आम्हालाच बघायला लावलं. दाढा किडलेल्या, हिरडीत पू. "याला चावताच येत नाहीये. मऊ असेल तेवढं गिळतो," ती म्हणाली. "अजून थोडे दिवस असेच गेले असते ना, तर वाचला नसता."

दाढा काढल्या. जान्हवीने बजावलं, कोमट मऊ भात आणि चिकनचं पाणी, थोडं थोडं, ठरल्या वेळी. दर आठवड्याला वजन करायचं, आणि एक वेळही उपाशी ठेवायचं नाही. बंड्या वाडगा चाटूनपुसून खायला लागला. मी कधी नव्हे ती देवाला साखर ठेवली.

एवढ्यात अंगारकी आली. श्यामकांतांनी दाढांबद्दल कुणापाशी अवाक्षर काढलं नव्हतं. उलट ग्रुपवर सगळ्यांना बोलावणं केलं होतं. सकाळीच त्यांनी वाडगा उचलून माळ्यावर टाकला. "एक दिवसाचा तर प्रश्न आहे. चंद्रोदयाला देऊ ना!"

संध्याकाळी हॉल माणसांनी भरला. बंड्याच्या गळ्यात झेंडूचा हार, शेजारी श्यामकांत नवा झब्बा घालून. चंद्र उगवायला अवकाश होता. उत्तराताई स्वयंपाकघरातून परात घेऊन आल्या, कोमट भातावर चिकनचे बारीक तुकडे, आणि सगळ्यांसमोर ती बंड्यापुढे ठेवली. वास हॉलभर पसरला. अंगारकीला! बंड्या हारासकट परातीत शिरला.

"शी शी!" कुणीतरी ओरडलं. बायका पदर सावरत उठल्या. अनिरुद्धने टेबलावरचा स्वतःचा पेढ्यांचा पुडा उचलला आणि तो बाहेर पडला. पाच मिनिटांपूर्वी कुत्र्यापुढे माना तुकवणारी ही मंडळी आता बाटल्यासारखी जिना उतरत होती. सगळे गेले. मी राहिले, कारण मला श्यामकांतांचा पडलेला चेहरा बघायचा होता.

ते बायकोवर कडाडले, "माझी अब्रू घालवलीस तू!"

"त्याला दुखत होतं," उत्तराताई म्हणाल्या. "मरायला टेकला होता तो, आणि तुम्ही लोकांना त्याच्या पाया पडायला लावत होतात. आज तर सगळं माहीत असूनही त्याला उपाशी ठेवलंत."

श्यामकांत खाली बसले. लोकांसाठी मांडलेल्या खुर्च्या तशाच रांगेत होत्या. ते त्या रिकाम्या रांगांकडे बघत राहिले.

"पण लोक येत होते गं आपल्याकडे," ते म्हणाले.