दौलतकाकांचा बुश आणि दादांचा पाय

ज्या माणसाच्या चुकीमुळे माझ्या वडिलांचा पाय गेला, तो माणूस आज सकाळी वारला.

दौलतकाकांच्या मुलाचा फोन आला. "ताई, आप्पा गेले." मी "बरं" म्हणाले आणि कुकर लावला.

अजून रडू आलेलं नाही. म्हणून लिहिते आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, ट्रक चालवायचे. चांदवड-येवल्याकडचा कांदा मुंबईला. दौलतकाकांचं आग्रा रोडला, द्वारका चौकाजवळ वर्कशॉप होतं. एक लेथ, एक जॅक, वर पत्रा.

ट्रकची कमान, म्हणजे चाकावरची पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, ज्या पिनवर हलते, त्या पिनभोवती गनमेटलची आखूड नळी असते, तोच बुश. त्याला आतून खाच असते, ग्रीस फिरायला. कंपनीचा बुश तेव्हा लवकर मिळायचा नाही. गाडी आठ-आठ दिवस उभी राहायची. मग दौलतकाका स्वतः लेथवर बुश काढून द्यायचे. त्यांचा हात चांगला होता. सगळे ड्रायव्हर त्यांच्याकडेच जायचे.

ऐंशी-एक्याऐंशीची गोष्ट. मी बारावीला होते.

दादांच्या गाडीला पुढच्या उजव्या कमानीत काकांनी नवीन बुश बसवला. दोन महिन्यांनी, भर दुपारी, चांदवडच्या घाटात ती पिन तुटली. ॲक्सल सरकला, गाडी उजवीकडे ओढली गेली आणि डोंगराला जाऊन धडकली.

दादांचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला.

गाडीचा मालक म्हणाला, ड्रायव्हरला डुलकी लागली असणार. पिऊन असणार, असंही कोणीतरी म्हणालं.

दादा थेंबही घेत नव्हते. पण पाय नसलेल्या ड्रायव्हरचं कोण ऐकतं.

पाचव्या दिवशी दौलतकाका दवाखान्यात आले. आधी चांदवडला जाऊन, मोडलेल्या गाडीखाली शिरून, पिन आणि बुश काढून घेऊन आले होते. फडक्यात गुंडाळलेलं. कॉटवर ठेवलं.

पिन जळून निळी पडली होती. ग्रीसचा टिपूस नव्हता.

"भाऊ, खाच अर्धीच पडली होती," काका म्हणाले. "पंप मारला तवा ग्रीस एकाच बाजूनं आलं. मला दिसलं होतं. म्हणलं, चालता चालता वाट करून घेईल. मागं तीन गाड्या उभ्या होत्या."

दादा पिनकडे बघत राहिले.

आई म्हणाली, "तुम्ही जा इथून."

काका उठले. तेव्हा दादा बोलले.

"मालकाला सांगशील?"

"सांगतो."

"सगळ्यांपुढं?"

"सांगतो, भाऊ."

आणि सांगितलं. मालकाच्या ऑफिसात, बाकीचे ड्रायव्हर उभे असताना. दादांवरचा ठपका गेला. काकांकडे येणाऱ्या गाड्या त्याच आठवड्यात बंद झाल्या. वर्कशॉप जवळजवळ वर्षभर रिकामं होतं.

त्या रिकाम्या वर्षातच एकदा काका आमच्या दारात आले. आत आले नाहीत.

"भाऊ, उद्यापासून वर्कशॉपला या."

"मी काय करू तिथं?"

"माझं काम तपासायचं. तुम्ही हो म्हणल्याबिगर गाडी सोडणार नाय."

आई आतून ऐकत होती. ते गेल्यावर दादांना म्हणाली, "ज्यानं पाय घेतला त्याच्याच दारात बसणार तुम्ही?"

दादा म्हणाले, "घरी बसून भिंत बघतोय. तिथं गाड्या तरी दिसतील."

तीन दिवस विचार केला. चौथ्या दिवशी कुबड्या घेऊन गेले.

पहिल्याच महिन्यात मी डबा द्यायला गेले होते. गाडी तयार होती, ड्रायव्हर घाईत. काकांनी ग्रीसचा पंप मारला. दादा खुर्चीतून वाकून बघत होते.

"दौलत, आतल्या बाजूनं आलं नाही."

"थोडं आलंय, भाऊ."

"थोडं नको. काढ."

ड्रायव्हर वैतागला. "अहो, मला संध्याकाळी कसाऱ्याच्या घाटाखाली उतरायचंय."

दादा त्याला एवढंच म्हणाले, "मलाही उतरायचं होतं."

काका गाडीखाली गेले. बुश काढला, परत लेथवर घेतला.

हळूहळू गाड्या परत यायला लागल्या. तिथून निघताना ग्रीस दोन्हीकडून दिसतं, असं ड्रायव्हर एकमेकांना सांगायचे.

पुढे एखाद्या गाडीला रबराचे बुश दिसायला लागले. दादा म्हणाले, "याला ग्रीसच नाही, मग मी काय बघू?"

"फाटलंय का बघा. आन् ग्रीस लागू देऊ नका, रबर फुगतं," काका म्हणाले.

दादा तेही शिकले.

त्यांची दोस्ती झाली असं मी म्हणणार नाही. दोघं कामापुरतं बोलायचे. पण चौदा वर्षं, दादा जाईपर्यंत, एका पत्र्याखाली बसले. माझं बीएड त्या खुर्चीच्या पगारावर झालं.

आई मात्र काकांशी शेवटपर्यंत बोलली नाही. दादांच्या अंत्ययात्रेत काकांनी खांदा दिला, तेव्हाही तिने तोंड फिरवलं. चार वर्षांपूर्वी तीही गेली.

मागच्या रविवारी काकांना भेटायला गेले होते. अंथरुणाला खिळलेले. आवाज बारीक झालेला. मला जवळ बोलावलं.

"पोरी, एक विचारू? तुझ्या आईनं जाताना माझं काही नाव काढलं का?"

हो म्हणता आलं असतं. त्यांना बरं वाटलं असतं.

मी म्हणाले, "नाही, काका."

त्यांनी मान हलवली. "बरोबर हाय," म्हणाले. "खरं बोललीस."

मग माझा हात धरून बराच वेळ पडून राहिले. मीही हात सोडवला नाही.

घरी आल्यावर मुलीला सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, एवढं खोटं बोलली असतीस तर काय झालं असतं?"

माहीत नाही. आज सकाळपासून तोच विचार चालू आहे. पण त्या माणसापुढे मला खोटं बोलवेना.

दौलतकाका, तुम्हाला मनापासून शेवटचा जयभीम. दुपारी चार वाजता नेणार आहेत. मी येतेय.