दूधकाकीकडचे रविवार

दूध घालून झालं की गवळणी पुढच्या घरी जातात. दूधकाकी जायची नाही. आमच्या चुलीवर दूध तापेपर्यंत ती उंबऱ्यात बसून राहायची. आम्ही मागाहून त्यात पाणी घालू आणि तिच्या नावाने ओरडू, असा तिला संशय होता. गवळ्यांवर संशय घेणारी गिऱ्हाइकं महाडात पुष्कळ होती. गिऱ्हाइकांवर संशय घेणारी गवळण मात्र ही एकच. दुधावर साय धरली की ती पातेल्यात डोकवायची, "हां, नीट बघून ठेवा," म्हणायची आणि मग दुधाची कासंडी उचलायची.

ती मूळची पोलादपूरच्या वरच्या अंगाची. नवरा मुंबईला गेला तो परत आला नाही, एवढंच लोकांना ठाऊक होतं. सावित्री नदीच्या बाजूला, गल्लीच्या टोकाला तिची एक खोली, मागे गोठा आणि त्यात दोन म्हशी. वाण्याच्या तराजूवर तिचा विश्वास नव्हता. आभाळ निरभ्र असलं तरी ती गोवऱ्या झाकून ठेवायची. त्या दोन म्हशींतल्या एकीवरही तिचा डोळा असे. "ही दूध राखून ठेवते मागं," ती मला एकदा हलक्या आवाजात म्हणाली, म्हशीला ऐकू जाऊ नये अशा बेताने.

मी तेव्हा गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. पत्नी वारली तेव्हा शालू आठ वर्षांची होती आणि वसंत सहाचा. आठवडाभर शाळा त्यांना सांभाळायची. पण शनिवारी शाळा सकाळचीच, रविवारी सुट्टी; आणि लोकांना सुट्टी असली की वाचनालयात गर्दी. सुरुवातीला मी मुलांना बरोबर नेत असे. ती टेबलाखाली बसत, आणि टेबलाखालच्या मुलांना हसू फार येतं. शेवटी चिटणीसांनी मला बाजूला घेतलं. "हे वाचनालय आहे, बालवाडी नव्हे," ते म्हणाले. शेजारच्या वहिनींनी दोन रविवार निभावले, तिसऱ्या रविवारी त्यांच्याकडे पाहुणे आले, आणि पुढच्या प्रत्येक रविवारी येत राहिले.

मग एका सकाळी, दूध तापत असताना, मी दूधकाकीलाच विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली.

"आयतवारी तुमी जाता कुठं, मास्तर?"

"वाचनालयात."

"तिथं काय करता?"

"पुस्तकं सांभाळतो."

"पुस्तकांना माणूस लागतो? ती काय पळून जातात?"

"जातात," मी म्हणालो. "बरीच जातात. काही परत येतच नाहीत."

तिचा चेहरा पहिल्यांदाच मोकळा झाला. "तरी म्हटलं," ती म्हणाली. जगाविषयी तिचं जे मत होतं, त्याला शिकल्या माणसाकडून दुजोरा मिळाला होता.

मोबदल्याचं ठरलं, पण पहिल्या शनिवारी मुलांना सोडून मी वळलो तेव्हा तिने हाक मारली. "वहाणा ठेवा."

मला कळेना.

"पायातल्या वहाणा हितं ठेवा आणि जा. अनवाणी माणूस लांब जात नाय."

मी वहाणा काढल्या. मुलं सोपवून बाप परागंदा होईल, हा संशय तिला होता आणि तो तिने लपवला नाही. चैत्रातल्या दुपारी तापलेल्या फरशीवरून मी टाचा उचलत वाचनालयात गेलो. चिटणीसांनी माझ्या पायांकडे पाहिलं. "कसला नवस?" त्यांनी आदराने विचारलं. मी नुसती मान हलवली. त्यानंतर ते माझ्याशी जरा बरं वागू लागले.

असे बरेच रविवार गेले. मग एकदा भरदुपारी खिडकीच्या गजांतून दूधकाकीचं तोंड दिसलं. दोन्ही हातांत दोन मुलं. ती आत आली नाही. वर्तमानपत्रात डोकी घालून बसलेल्या मंडळींना एकेक करून न्याहाळत होती.

"ही सगळी बाप्ये माणसं घरची कामं टाकून हितं बसलीत?" तिने खिडकीतूनच मला विचारलं.

"वाचायला येतात."

"घरी वाचता येत नाय? बायका काय बोलत नाय त्यांच्या?"

दोन-तीन वर्तमानपत्रं खाली झाली. ती गेली. त्या संध्याकाळी मुलांना आणायला गेलो तेव्हा माझ्या वहाणा दाराबाहेर ठेवलेल्या होत्या, आणि पुढच्या शनिवारी तिने त्या मागितल्या नाहीत. माझी नोकरी खरी आहे, एवढं तिला पटलं होतं. मी खरा आहे की नाही, ते अजून ठरायचं होतं.

मार्चमध्ये चवदार तळ्यावर लांबलांबून माणसं जमत. त्यांतली पुष्कळ वाचनालयात येऊन बसत, वाचत, प्रश्न विचारत, आणि कुलूप लावायला उशीर होई. अशाच एका रविवारी मी काळोख पडल्यावर तिच्या खोलीशी पोचलो तर दाराला कडी. म्हशी आत, माणूस नाही. गल्लीतल्या एका म्हाताऱ्याने हात दाखवला, "यष्टी स्टँडवर गेली. पोरांना घेऊन."

मी धावत गेलो. मुंबईची गाडी उभी होती. दूधकाकी गाडीच्या एका बाजूने खिडक्यांतून आत बघत चालली होती, पेंगुळलेला वसंत तिच्या कमरेवर, शालू पदर धरून. कंडक्टर ओरडत होता, "ओ मावशी, कोण पायजे?"

"ह्यांचा बापूस," ती म्हणाली. "चष्मेवाला. आत दडून बसला असल."

मी मागून हाक मारली. तिने वळून पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल चार शब्द. पण तिने वसंतला माझ्या हातात दिलं आणि गाडीच्या चाकाजवळ खाली बसली. गाडी निघेपर्यंत ती गाडीकडेच बघत होती. परतताना वाटेत एवढंच म्हणाली, "आमचा पण ह्याच येळेच्या गाडीनं गेलेला. सांगून गेला, परवा येतो."

पुढच्या वर्षी वाचनालय बुधवारीही रात्री उशिरापर्यंत उघडं ठेवायचं ठरलं. मला जमेना. दादरला माझी मेव्हणी होती, शाळेत शिकवायची. तिला मूलबाळ नव्हतं. दोघांना घेऊन जाते म्हणाली. सगळ्यांनी मला तेच सुचवलं. मीही हो म्हणालो. त्या शनिवारी मुलांचे केस कापून दूधकाकीकडे नेली.

तिने वसंतच्या मानेवरून हात फिरवला. "केस कशाला कापलेत? ना सण, ना लगीन."

"मावशी येणार आहे त्यांची. न्यायला."

"किती दिवस?"

"शाळा होईपर्यंत."

"मे महिन्यापर्यंत?"

"नाही. सगळी शाळा."

ती म्हशीला पेंड घालत होती. हात थांबला नाही. "तिला पोरं नायत?"

"नाहीत."

"मंग तिला पायजेत. तुमाला नकोत."

"तसं नाही, काकी. बुधवारचं काम वाढलंय—"

"मंग बुधवारी पण आणा की हितं!" ती एकदम ओरडली. म्हशीने मान वर केली. "तोंड नव्हतं विचारायला? रातचं न्यायला मात्र तुमी यायचं. माझ्याकडं झोपवायची नाय. झोपली तर खांद्यावर टाकून न्या, पण न्या."

मेव्हणी दोन दिवसांनी आली. दूधकाकी नेहमीप्रमाणे दूध तापेपर्यंत बसली आणि तेवढ्या वेळात मेव्हणीचं लुगडं, पिशवी, घड्याळ सगळं बघून घेतलं. "ही बाई माझ्याकडे चोर असल्यासारखी का बघते?" मेव्हणी मला स्वयंपाकघरात म्हणाली. मी तिला मुलं देत नाही म्हणून सांगितलं. ती रडली, रागावली, आणि एकटीच परत गेली. बुधवारी आठ वाजून गेले की दूधकाकी दारात उभी असायची.

मुलं मोठी झाली. दूधकाकीचे गुडघे गेले, म्हशी विकल्या, आणि ती पोलादपूरच्या वर भाच्याकडे राहायला गेली. शालू महाडातच शाळेत शिकवू लागली, तिचं लग्न झालं, मुलगा झाला. एकोणीसशे साठचं दशक संपता संपता भाच्याचा निरोप आला, काकीचं काही खरं नाही. मी आणि शालू शनिवारी शाळा सुटल्यावर निघालो. पोलादपूरला उतरून पुढे चढ चालत गेलो.

ती चटईवर होती, अगदी एवढीशी झालेली. तिने मला पाहिलं, मग शालूला, मग शालूच्या मागे दाराकडे.

"पोर कुठाय?"

"शेजारी ठेवलंय, काकी."

"कोन शेजारी?"

"चांगली बाई आहे."

"तुला काय म्हायती? तिचा घरवाला काय करतो? पोराला जेवायला काय घालते, बघितलंस?"

शालू एकेका प्रश्नाचं उत्तर देत गेली. शेवटी म्हणाली, "काकी, मी आज तुझ्याजवळ राहते. उद्या रविवारच आहे."

दूधकाकीने मान हलवली. आवाज फुटत नव्हता, तरी नीट ऐकू आलं. "नाय. ते दाराकडं बघत असल. ऊठ गो. मास्तर, हिला न्या."

शालू उठेना. शेवटी मीच तिला उठवलं. आम्ही शेवटची गाडी पकडली.

सोमवारी सकाळी भाच्याचा निरोप आला. शालू अजून म्हणते, आपण त्या दिवशी थांबायला हवं होतं. मी तिला म्हणतो, थांबलो असतो, तर तिला जाताना वाटलं असतं, हिने पोर टाकलं.