विमान पाडलं आणि फॉर्म भरला

हवाई दलाच्या भरतीचा फॉर्म महिनाभर अर्धवट पडून होता. उड्डाण शाखा की जमिनीवरची, एवढा एकच रकाना रिकामा. बाबांचं मत ठरलेलं. ‘जमिनीवरचंच भर. घरातली पयली ग्रॅज्युएट हायेस, आता आणखी काय पायजे तुले?’ कॉलेजमार्फत तळावरचा फ्लाइट सिम्युलेटर बघायची परवानगी मिळाली, तेव्हा ठरवलं, रकाना तिथून आल्यावर भरायचा.

नंदनवनहून सीताबर्डी, तिथून अमरावती रोडची बस. त्याच रस्त्यावर वाडीची गोदामं, त्यामुळे ट्रकांची गर्दी असते, तासभर हाताशी ठेवा. पोहे बाहेरच खाऊन घ्या, आत काही मिळत नाही. प्रवेश फुकट, पण मूळ आधार कार्ड लागतं आणि मोबाइल गेटवर जमा होतो. म्हणून इथे फोटो नाहीत.

सिम्युलेटर म्हणजे मोठ्या हॉलमध्ये ठेवलेलं विमानाचं फक्त नाक. आत दोन खुर्च्या, समोर अर्धगोल पडदा, पडद्यावर धावपट्टी. एसी भयंकर, स्वेटर न्याच.

शेजारच्या खुर्चीत शिकवणारे सर, वर्धेचे. आम्हा आठ जणांत विमान उतरवायला पहिली पाळी माझी. मी चार वर्षं घरच्या कॉम्प्युटरवर विमानं उतरवते. तसं शिकलेले बहुतेक जण करतात तीच चूक मी केली. काचेबाहेर बघायचं सोडून उंची-वेगाच्या काट्यांवर डोळे लावून बसले. काटा जागेवर आणेपर्यंत धावपट्टी बाजूला सरकली होती.

‘काहून वं, वाडीच्या गोडाऊनात उतरवून राहिली काय? बाहेर पाह!’ सर ओरडले.

माझे बाबा तिथेच हमाली करतात, हे त्यांना माहीत नव्हतं. मी मान वर केली आणि पडदा लाल झाला, म्हणजे विमान पडलं. मागे कोणीतरी हसलं.

हवाई दलात एक पद्धत आहे. नंतर शेजारच्या खोलीत बसायचं आणि ज्यानं विमान चालवलं, त्यानं आपली चूक आधी सांगायची. हुद्दा तिथे चालत नाही.

‘खुर्ची जरा मागे होती, सर.’

‘खुर्चीचं राहू दे. तुझं सांग.’

‘बाहेर पाहिलं नाही.’

‘बरं. आता माझी. मी कंट्रोल दोन सेकंद आधी घ्यायले पायजे होता. नाही घेतला.’

पुढे ‘पण’ नाही, ‘कारण’ नाही. मोठ्या माणसाला असं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. दुसरी संधी मिळाली नाही, वेळ संपली होती.

घरी बाबा नुकतेच कामावरून आले होते. ‘मंग? उतरलं काय विमान?’

‘नाही. पाडलं. काट्याइकडंच पाहून राहिली होती.’

मीही पुढे काही जोडलं नाही. बाबा बूट काढता काढता थांबले.

‘मले भेव वाटते वं,’ ते म्हणाले. ‘म्हणून जमिनीवरचं म्हणून राहिलो होतो. बाकी काही नाही.’

निवड होईल न होईल. मी उड्डाण शाखा भरून फॉर्म ऑनलाइन पाठवला आणि चौकातून छापील प्रत काढून बाबांपुढे ठेवली. त्यांनी ती सावकाश वाचली.

‘सही कुठं करू?’

पालकांची सही त्यात लागत नाही. मी खालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.