राखलेली खानावळ

आमचे दाजी फोनवर कुणालाही 'कधी येताय' असं विचारत नसत. तारीख, गाडी, मुक्काम हा सगळा ताईचा प्रांत. तिचं बोलून झालं की दाजी फोन हातात घेत आणि दणदणीत आवाजात विचारत, "पावणं, किती भुका आणतायसा?" सुरुवातीला मला हा प्रश्न कळायचाच नाही. मी म्हणायचो, "दोन दिवस आहे, दाजी." त्यावर पलीकडून लहान मुलाला समजावल्यासारखा सूर यायचा, "दिवसांचं सोडा वो. मंगळवारी सांजच्याला पोचतायसा, गुरुवारी दुपारनं सुटतायसा. म्हंजे मोठ्या भुका तीन आणि बारक्या दोन. त्येवढ्यात सगळं बसवायला पायजे." आणि मग आठवडाभर आधी आमचं बसवणं सुरू व्हायचं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही नाशिकचे. ताई नोकरीच्या निमित्ताने कोल्हापूरला गेली आणि तिथलीच होऊन गेली. मंगळवार पेठेत घर, उद्यमनगरात दाजींचं बेरिंगचं दुकान. मूलबाळ नव्हतं. दोघांच्या त्या घरात पाहुणा आला की सण असायचा, आणि त्या सणाचा कार्यक्रम दाजी आखायचे. मी वर्षातून दोन-तीनदा जायचो. कधी काम असायचं, बहुतेक वेळा नसायचं.

त्या आखणीचा पाया म्हणजे बुधवार. सोमवार शंकराचा, मंगळवार आणि शुक्रवार अंबाबाईचे, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. राहता राहिला रविवार, तर तो जोतिबाचा, आणि जोतिबा दाजींचं कुलदैवत. रविवारी सकाळी निम्मं कोल्हापूर मटणाच्या दुकानापुढे रांगेत उभं असताना हा माणूस व्हॅन काढून जोतिबाच्या डोंगरावर जायचा आणि घरी येऊन मुकाट्याने वरणभात जेवायचा. वार पाळण्याच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालून उपयोग नव्हता. त्यामुळे माझी रजा कायम बुधवारची. आमच्या साहेबांनी एकदा न राहवून विचारलं, "लोक शनिवार-रविवारला जोडून रजा काढतात, तुम्ही आठवड्याच्या मध्येच कुठे जाता?" मी म्हणालो, "कोल्हापूरला. बाकीचे सगळे दिवस देवांनी घेतलेत." साहेब देशस्थ होते, त्यांना पटलं.

मंगळवारी संध्याकाळी भेळ, आणि त्यावर कट्ट्यावर उभं राहून समोर पिळलेलं म्हशीचं दूध. बुधवारी सकाळी मिसळ, दुपारी तांबडा-पांढरा. गुरुवारी नृसिंहवाडीला दत्ताचं दर्शन आणि बासुंदी, आणि तिथून मला परतीच्या गाडीत बसवणं. ऐकायला हे सरळ वाटतं. पण मिसळ कुठली, तिथे किती वाजता गेलं म्हणजे कट ताजा असतो, मालक स्वतः कुठल्या दिवशी असतो, यावर दाजी दुकानात बसून आठवडाभर विचार करायचे. मी एकदा फोनवर एका हॉटेलला लोकांनी दिलेले तारे दाखवले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ते पाहिले आणि म्हणाले, "तारं बघून जेवायला आपण काय ज्योतिषी हाय व्हय?"

या सगळ्यात त्यांना एकच शत्रू होता, तो म्हणजे ताईचे पोहे. भाऊ आलाय, सकाळी उपाशी कसा बाहेर काढायचा, हे तिचं म्हणणं. बुधवारी सकाळी मी आंघोळ करून आलो की टेबलावर झाकलेली बशी असायची. दाजी ती बशी बघायचे आणि कपाळाला हात लावायचे. "एक भूक मारलीस त्याची! सकाळची भूक हाय ती, परत मिळत नसती!" ताई म्हणायची, "बशीभर पोह्यांनी काही मरत नाही भूक." मग मी दोन घास खायचो, दाजी तोंड फिरवून बसायचे, आणि उरलेले पोहे ताई स्वतः खायची. ती आमच्याबरोबर हॉटेलात कधीच येत नसे. "तुमचं चालू द्या, मला जरा शांतपणे सीरियल बघू दे," म्हणायची. पण आम्ही परत आलो की दारातच विचारायची, "कसं होतं?" आणि दाजी चपला काढता काढता तिला सगळं पहिल्यापासून सांगायचे.

मला मात्र सांगता येत नसे. पहिल्या खेपेला पांढऱ्या रश्श्याची वाटी संपवून मी म्हणालो, "छान आहे." दाजींनी भाकरी खाली ठेवली. "छान म्हंजे काय? छान तर इस्त्रीची घडीबी असती. पावणं, खोबरं लागतंय का खसखस? मिरी जिभंवर हाय का घशात? सांगा की." त्या दिवसापासून 'छान' बंद झाला. मी चाचपडत सांगायला लागलो आणि ते मास्तरासारखे मान हलवायला लागले. आधी पांढरा घ्यायचा, कारण तांबड्याने एकदा जीभ पेटवली की पांढऱ्याचं काही कळत नाही, हे मला त्यांनी शिकवलं. नाशिकच्या मिसळीबद्दलही मी एकदा अभिमानाने बोललो. दाजी म्हणाले, "तुमच्याकडं मिसळीसंगं पापड देत्यात म्हणं. कशाला? मिसळ येईस्तोवर पावण्यानं रडू नये म्हणून?" मी चिडलो, आणि ते इतके हसले की शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसांनाही त्यांनी तो पापड पुन्हा सांगितला.

आणि एक गोष्ट ते नेमाने करायचे. प्रत्येक खेपेला एक ठिकाण राखून ठेवायचे. जोतिबाच्या रस्त्याला, डोंगर चढायच्या अलीकडे एक खानावळ होती. पत्र्याची शेड, बाहेर चूल, आक्का नावाच्या बाई चालवायच्या. "आक्काचं मटण म्हंजे..." एवढं म्हणून दाजी डोळे मिटायचे आणि पुढे बोलायचेच नाहीत. मी म्हणायचो, मग जाऊ या की. त्यांचं उत्तर ठरलेलं, "ह्या खेपेला भुका संपल्या. आक्का पुढच्या खेपेला." पुढच्या खेपेला पुन्हा तेच. एकदा गाडीत बसवताना मी नेट लावून विचारलं, तेव्हा म्हणाले, "पावणं, सगळं खाऊन घरला गेलं की परत यायचं कारण काय? थोडं मागं ऱ्हायलंलं बरं असतंय." मी हसलो आणि खिडकीतून हात केला.

मग दाजींच्या किडनीचं दुखणं निघालं. मीठ बंद, मटण बंद, पाणीसुद्धा मापून. ताईने फोनवर सांगितलं, "दुखण्याचं एवढं नाही घेतलं रे त्यांनी. पण काल म्हणाले, 'आता पावणं कशाला येतंय?' मी म्हटलं, माझा भाऊ आहे, येईल. तर म्हणाले, 'भाऊ म्हणून ईल की, दिवाळीला. बुधवारी कशाला ईल?'"   मी म्हणालो, त्यांना फोन दे. ते फोनवर आले आणि नुसतंच "हं" म्हणाले. मी म्हणालो, "दाजी, मोठ्या तीन, बारक्या दोन."  ते म्हणाले, "मिसळीला लवकर निघाय पायजे. आता गर्दी लई वाढलीया."

त्या बुधवारी मी मनातून संकोचलो होतो. समोर पथ्यावरचा माणूस बसवून आपण मटण कसं खायचं? दाजी ओळखून होते. "मी पथ्यावर हाय, तुम्ही न्हाईसा," म्हणाले आणि पिशवीतून स्वतःचा डबा काढून टेबलावर ठेवला. अळणी भाकरी आणि दुधीची भाजी. वाढपी घुटमळला, तर त्यालाच दम दिला, "बघतोयस काय? पावण्याला पांढरा वाढ." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बोला."

मी पहिला घोट घेतला आणि बोलायला लागलो. खोबरं पुढे आहे, खसखस मागे. मिरी उशिरा लागते, थेट घशाशी. दाजी डोळे मिटून दुधीचा घास चावत होते. "मीठ?" "किंचित कमी." "मग म्हातारा सोता बसलाय चुलीपुढं. पोरगा जास्त टाकतोय." सुकं मटण आलं, त्याचंही सांगितलं. असं आम्ही पाऊण तास जेवलो. एवढी वर्षं मला त्यांनी जे बोलायला लावलं होतं ते त्या दिवशी कामाला आलं, आणि मला दाजींबद्दल इतकं प्रेम वाटलं की नुसतं सांगता यावं म्हणून मी आणखी एक वाटी पांढरा मागवला. हात धुताना ते म्हणाले, "बरं झालं जेवण," आणि ते खरंच जेवल्यासारखे दिसत होते.

अशा काही खेपा झाल्या. नंतर आठवड्यातून दोनदा दवाखाना सुरू झाला, दुकान भाच्याकडे गेलं. त्यानंतरच्या फोनवर मी भुका सांगितल्या, तर दाजी म्हणाले, "ह्या बुधवारी आक्काकडं जाऊया."

मला भीती वाटली. इतकी वर्षं राखलेली जागा ते आता का काढत होते, ते मला कळलं. मी म्हणालो, "नको दाजी. आक्का पुढच्या खेपेला."

"पावणं, राखायचं मी ठरवतोय का तुम्ही?"

"आजवर तुम्ही ठरवलंत. यावेळी मी."

  दाजी म्हणाले, "बरं. ऱ्हाऊ द्या. पर मग यायला लागंल हं का."

"येतो की."

त्या बुधवारी मी नेहमीच्या ठिकाणी एकटाच जेवलो आणि घरी येऊन त्यांच्या पलंगाशी बसून पहिल्यापासून सगळं सांगितलं. ताई दारात उभी राहून ऐकत होती. त्यानंतरची माझी खेप झाली ती दाजींच्या दिवसकार्याला.

ताईला मी नाशिकला चल म्हणालो. ती नको म्हणाली, घर इथे आहे म्हणाली. पुढे काही महिने मी फोन करत राहिलो, पण जायचं मनात येईना. कुठल्या तोंडाने मिसळ खायची? ती ये म्हणायची, मी बघतो म्हणायचो. मग एका रविवारी तिने फोनवर सरळच सांगितलं, "बुधवारी ये. आक्काकडे जायचं राहिलंय. मीपण येते." आयुष्यात कधी आमच्याबरोबर न आलेली ताई असं म्हणाली, तशी मी रजा टाकली. त्या बुधवारी सकाळी टेबलावर पोह्यांची बशी नव्हती.

दाजींची व्हॅन मी चालवली. खानावळ अगदी त्यांनी सांगितली तशीच होती. पत्रा, चूल, धूर. आक्का साठीच्या, पदर खोचलेल्या. ताट आलं. मी पांढऱ्याची वाटी तोंडाला लावली आणि सवयीने बोलायला लागलो. "पातळ आहे गं. खोबरं ताजं आहे, पण मीठ वर आलंय. मटण शिजलंय चांगलं, मसाला साधाच." ताई शांतपणे ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे तुमचं नेहमीचं ठिकाण बरं." मी मान हलवली. आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो. डोळे मिटण्यासारखं त्या ताटात काही नव्हतं.

ताईने फोनमधला दाजींचा फोटो काढून आक्कांपुढे धरला. "आमचे हे तुमच्या मटणाचं फार कौतुक करायचे."

आक्कांनी फोन लांब धरून पाहिला. "अगं बाई, ह्ये तर आमचं रविवारचं पावणं! वळखते की. जोतिबाला जाताना हितं गाडी थांबवायचं, तांब्याभर पाणी प्यायचं, चुलीम्होरं हुबं ऱ्हाऊन जरा वास घ्यायचं. मी म्हणायची, जेवा की वो. तर म्हणायचं, आज जोतिबाचा वार हाय, पुढच्या खेपेला." त्यांनी फोन ताईला परत दिला. "कवा जेवलं न्हाईत बगा हितं. आता दिसत न्हाईत ते?"

ताईने सांगितलं. आक्का चुकचुकल्या आणि आमच्या वाट्यांमध्ये आणखी रस्सा ओतून गेल्या.

मी ताईकडे पाहिलं. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडते आहे, पण ती हसत होती, आणि डोळ्यांतून पाणीही वाहत होतं. "या रस्त्याला ते रविवारीच यायचे रे," ती म्हणाली. "रविवारी कसं खातील?" मीही हसायला लागलो. नुसत्या वासावर या माणसाने मला इतकी वर्षं कोल्हापूरला आणलं होतं. निघताना आक्कांनी विचारलं, "कसं झालतं पावणं?" मी म्हणालो, "छान." कित्येक वर्षांनी तो शब्द तोंडातून निघाला, आणि दाजींनी तो एवढा एकदा चालवून घेतला असता असं मला वाटलं.

परतताना ताई खिडकीबाहेर बघत होती. हसू ओसरलं होतं.  मलाही माहीत होतं, आता राखलेलं काही उरलं नव्हतं. एवढ्यात एका वळणावर ती एकदम म्हणाली, "गाडी हळू घे." रस्त्याच्या कडेला निळ्या रंगाचं एक हॉटेल होतं. बाहेर दोन बाकं, दार अर्धं लावलेलं.

"इथलं वांगं फार चांगलं असतं," ताई म्हणाली.

"तू खाल्लंयस?"

तिने डोळे मिटले. अगदी तसेच. मग म्हणाली, "पुढच्या खेपेला जाऊ की."