मुकं बोरन्हाण

सासूबाई गेल्या त्या दिवशी माझी मुलगी खूप रडली. ती आता पाच वर्षांची आहे. आजीला अंगणात आणून ठेवलं तेव्हा ती पायरीवर उभी राहिली आणि तोंड वर करून, अगदी पोटातून, मोठ्यानं रडली. गावात नव्यानं राहायला आलेल्या एक बाई तिला जवळ घेऊन समजावायला लागल्या, "असं नाही रडायचं बाळा, आजीला त्रास होतो." मी मुलीला त्यांच्या हातातून सोडवून घेतलं आणि म्हटलं, "रडू द्या तिला." त्या जरा दुखावल्या. आमच्या घरात रडायची परवानगी किती वाट बघून मिळाली होती आणि ती कुणी जाहीर केली होती, हे त्यांना कसं माहीत असणार?

तेव्हापासून ते लिहून काढायचं मनात आहे. रोज दोन-चार ओळी होतात. आठवण दुःखाची नाही, म्हणूनच बहुधा हात अडखळतो.

सासूबाईंचं गाव कामणच्या अलीकडे, खाडीला लागून. आता तिथे रस्त्याच्या कडेनं गोदामं उभी आहेत, पण त्या लग्न होऊन आल्या तेव्हा नुसती भाताची खाचरं होती. बांधावर उभं राहून पार टोकाला काम करणाऱ्या माणसाला जेवायला बोलवायचं तर हाक पोचायला हवी. तो आवाज त्यांनी कधी बदलला नाही. माणिकपूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्या आल्या आणि फोनवर बोलायला लागल्या, की नवरा म्हणायचा, "आई, फोन ठेव खाली. तसंही गावात ऐकू जातंय." मी साताऱ्याकडची, पुस्तकांच्या घरातली, शाळेत ग्रंथपाल. त्या आल्या की मी स्वयंपाकघराचं दार हळूच लोटून घ्यायची.

मग पावसाळ्यात मुलगी झाली. महिन्याभरातच कळलं, की तिच्या हृदयाच्या दोन कप्प्यांमध्ये भोक आहे आणि फुप्फुसांकडे रक्त नेणारी वाट अरुंद आहे. ऑपरेशन करावंच लागणार होतं, पण ती थोडी मोठी झाल्यावर. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सगळं नीट सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "तोपर्यंत एक सांभाळा. हिला जोरात रडू देऊ नका."

बाळाला रडू द्यायचं नाही म्हणजे काय करायचं?

ते लवकरच कळलं. लस टोचून घरी आणल्यावर ती रडायला लागली आणि थांबेचना. बघता बघता ओठ जांभळे पडले, मग नखं, मग डोळ्यांभोवतीची कातडी. शिकवलं होतं तसे मी तिचे गुडघे दुमडून छातीशी घट्ट धरले आणि कानाशी गुणगुणत राहिले. नवऱ्यानं रिक्षा आणेपर्यंत रंग परत यायला लागला होता. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी ठरवलं, की हे दोघांच्या हातचं काम नाही. त्यानं आईला फोन केला.

"मी कशाला?" पलीकडून आवाज आला, तो मलाही ऐकू येत होता. "माझा आवाज हा असा. पोर दचकंल."

"मग तोंडाला कुलूप लावून ये," नवरा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. हातात पिशव्या, घामानं चेहरा भिजलेला. दारात उभ्या राहून मान पुढे काढून त्या कुजबुजल्या, "आले." त्यांना कुजबुजताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी खाली डोकावून विचारलं, "कोण आलं?"

पण त्या शिकल्या. नुसत्या शिकल्या नाहीत, त्यांनी सगळ्या बिल्डिंगला शिकवलं. सकाळी मावरं, म्हणजे मासळी, घेऊन येणारी बाई खाली ओरडायला लागली, की या गॅलरीत धावत जाऊन ओठांवर बोट ठेवायच्या.

"काय गो, घरात कोन गेलं का?" तिनं पहिल्या दिवशी खालून विचारलं.

सासूबाई जिना उतरून तिच्यापाशी गेल्या. "नाय गो. नात आहे. रडली की निळी पडते. वरडू नको."

"मंग मी बोंबील इकू कसं?"

"हात हालव. मी बघते ना वरून."

दुसऱ्या दिवसापासून ती बाई आमच्या गॅलरीखाली आली की शेपटीला धरून एक बोंबील वर उचलायची आणि घंटा वाजवावी तसा हलवायची. भाव बोटांनी ठरायचा. सासूबाई तीन बोटं दाखवायच्या, ती पाच. मग या पाठ फिरवून आत यायचं नाटक करायच्या. समोरच्या फ्लॅटमध्ये एकजण भिंतीला ड्रिल मारत होते, त्यांच्याशी त्या जिन्यात भांडल्या, तेही कुजबुजत. ते बिचारे आपोआप तसंच उत्तर द्यायला लागले. दोन मोठी माणसं लालबुंद होऊन एकमेकांच्या कानात भांडताहेत, हे बघून मला हसू आवरेना. कित्येक दिवसांत मी हसले नव्हते.

संक्रांत जवळ आली तेव्हा माझ्या आईनं साताऱ्याहून पार्सल पाठवलं. काळं झबलं, आणि हलव्याचे दागिने: मुकुट, हार, बाजूबंद, इवल्याशा वाक्या. पहिली संक्रांत, बोरन्हाण करायला हवं. त्याच आठवड्यात हॉस्पिटलमधून ऑपरेशनची तारीख कळली. रथसप्तमीच्या पुढे लगेच होती.

सासूबाईंनी मुकुट हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिला. "आमच्यात नसतं हे. काय करायचं असतं?"

मी सांगितलं. बाळाला पाटावर बसवायचं, ओवाळायचं, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे टाकायचे. जमलेली मुलं ती लुटतात.

"पोराच्या डोक्यात बोरं टाकायची? आन ते रडत नाय?"

"काही रडतात."

सासूबाईंनी मुकुट खाली ठेवला. मग नवरा म्हणाला, "जाऊ दे. पुढच्या वर्षी करू."

'पुढच्या वर्षी' म्हटल्यावर आम्ही तिघंही पाळण्याकडे बघायला लागलो. त्या दिवसांत तो शब्द घरात कुणी उच्चारत नव्हतं.

"पुढच्या सालचं पुढच्या सालाला," सासूबाई म्हणाल्या. "या सालचं या सालाला करायचं. पन मुकं करायचं."

एकदा ठरल्यावर त्यांना दम निघेना. त्यांनी बिल्डिंगमधली सगळी मुलं गोळा केली, आठ होती, आणि हॉलमध्ये तालीम घेतली. बाळाच्या जागी स्वतः पाटावर बसल्या, डोक्यावर पदर घेऊन. "टाका चुरमुरे. हळू. आन जो बोलंल तो आऊट."

"आजी, हसलं तर?" एका मुलीनं विचारलं.

"तोंड मिटून हसायचं."

"आणि टाळ्या?"

यावर बराच खल झाला. शेवटी मुलांनीच तोड काढली. टाळ्यांऐवजी दोन्ही हात वर करून बोटं हलवायची. चुरमुरे सासूबाईंच्या केसांत अडकले होते, नाकावर एक चिकटला होता, आणि समोर आठ जोड्या हात हवेत थरथरत होते. तिसऱ्या तालमीपर्यंत मुलं एवढी तयार झाली, की लुटालूट करताना दोघांची डोकी एकमेकांवर आपटली तरी दोघंही डोळ्यांत पाणी आणून गप्प बसले.

बोरं मात्र नाहीत, हे नक्की केलं होतं. लागलं तर रडणार. सासूबाईंनी गावच्या बांधावरच्या बोरीची पिशवीभर बोरं आणली होती. त्यांनी ती परत बांधली. "नेते घरी. वाळवून ठेवते. पुढच्या सालाला हिच्याच डोक्यात टाकायची." त्या हे एवढ्या सहज म्हणाल्या, की मी तोंड फिरवून तीळ निवडायला बसले.

बोरन्हाणाच्या संध्याकाळी घर भरलं होतं आणि आवाज कसलाच नव्हता. चपला बाहेर हलकेच काढल्या जात होत्या, बायका हातांनीच हळदीकुंकू घ्या म्हणत होत्या. काळ्या झबल्यात, पांढऱ्या मुकुटात माझी मुलगी माझ्या मांडीवर टेकून बसली होती. तिचे ओठ नेहमीचेच होते, किंचित जांभळट. ओवाळून झालं. मग मुलं ओळीनं पुढे आली आणि चुरमुरे पडायला लागले. ते तिच्या पापण्यांवर, हातांवर, मांडीवर पडत होते आणि ती मान वर करून, हे कुठून येतंय, ते शोधत होती. कुणाचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. माझ्या छातीत इतकं धडधडत होतं, की तिच्या पाठीला ते जाणवत असणार.

आणि सासूबाईंना शिंक आली.

त्यांची शिंक प्रसिद्ध होती. त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला, डोळे मोठे झाले, आणि त्या चक्क पळत सुटल्या. दाराबाहेर, जिन्यावर, खाली. आम्ही सगळे तसेच थिजलो. मग गेटच्याही पलीकडून कुठून तरी ती शिंक आली. एकदा, आणि पुन्हा एकदा.

मुलीनं दाराकडे मान वळवली. तिचा खालचा ओठ हलला. माझे हात तिच्या गुडघ्यांकडे गेले. आणि ती हसली. नुसती नाही, आवाज काढून, खिदळून. त्या संध्याकाळी आमच्या घरात झालेला तेवढा एकच आवाज. मुलांनी दोन्ही हात वर केले आणि बोटं हलवायला सुरुवात केली, आणि थांबेचनात.

ऑपरेशनच्या दिवसाबद्दल मी फार लिहिणार नाही. सकाळी ती आमच्या हातातून गेली आणि दुपार सरून गेल्यावर सर्जन बाहेर आले, मास्क खाली ओढून म्हणाले, "छान झालं." मधल्या वेळातलं एकच आठवतं. सुरक्षारक्षक सासूबाईंना म्हणाला, "आजी, हळू बोला," आणि त्या संतापून कुजबुजल्या, "हळूच बोलते मी. घरी येऊन विचार."

श्वासाची नळी काढल्यावर ती रडली तेव्हा घशातून नुसती खरखर आली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "आता रडली तर रडू द्या. काही होत नाही."

हे आम्हाला जमेना. ती जरा तोंड वाकडं करायची, की तिघंही धावायचो. नवरा आणि मी हळूहळू सरावलो, पण सासूबाईंचा विश्वास बसत नव्हता. "डागतर बोलतो," त्या कुजबुजायच्या. "त्याला काय." टाके वाळले, मुलगी रांगायला लागली, उभी राहिली, पावसाळा येऊन गेला, आणि त्या अजून दबक्या आवाजातच बोलत होत्या. गावी गेल्या तरीही. शेजारणी मला फोन करून विचारायच्या, "म्हातारीला बरं नाय का?" घरात मला हवी तेवढी शांतता होती, आणि मी दार लोटायचं विसरून त्यांच्या खोलीकडे कान लावून बसायची.

दुसरी संक्रांत गावच्या अंगणात केली. बिल्डिंगमधली मुलं आम्ही टेम्पोतून नेली. मुलगी दीड वर्षांची, पाटावर एकटी बसलेली, मुकुट एका कानावर कललेला. सुपात चुरमुरे, ऊस, बांधावरची ताजी बोरं, आणि एका वाटीत मागच्या वर्षीची, वाळून सुरकुतलेली.

मुलांनी टाकायला सुरुवात केली आणि एक ताजं, टणक बोर नेमकं तिच्या कपाळावर बसलं.

तिनं तोंड उघडलं. आवाज यायच्या आधी लहान मूल जो लांब श्वास घेतं, तो घेतला. मुलं जागच्या जागी गप्प झाली, मुठी वर तशाच. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. माझे हात तिच्या गुडघ्यांवर कधी पोचले, मलाच कळलं नाही.

"सोड!"

मी दचकून मागे सरले. तो आवाज मी वर्षभर ऐकला नव्हता.

"सोड तिला! रडू द्या माझ्या पोरीला!"

कुत्री भुंकायला लागली. गोदामाच्या भिंतीवरून एका हमालानं डोकं वर काढलं. "काय झालं आजी?"

"काय नाय!" सासूबाई कमरेवर हात ठेवून त्याला ओरडून म्हणाल्या. "पोर रडतेय आमची!"

आणि ती रडत होती. बोर लागलं म्हणून, की आजीचा खरा आवाज तिनं जन्मात पहिल्यांदा ऐकला म्हणून, देव जाणे. अंगण भरून रडत होती. मी गुडघ्यांवर बसून तिच्या ओठांकडे बघत होते. ते लाल झाले. आणखी लाल झाले. तिचे गाल, कान, नाकाचा शेंडा, सगळं लालबुंद झालं, आणि कुठेही दुसरा रंग आला नाही.

मुलं अजून तशीच उभी होती. तालमीत 'हसलं तर?' विचारणारी ती मुलगी हळूच पुढे झाली. "आजी, आता ओरडलं तर चालेल?"

सासूबाईंनी वाटीतली वाळलेली बोरं मूठभर उचलली आणि नातीच्या डोक्यावर धरली.

"वरडा!" त्या म्हणाल्या.