कौसाबाईंचा उजवा हात

कौसाबाईंच्या लेकीचा, रेखाचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकावर वाकले होते. "मॅडम, आई गेली... चहा मागितला, मी घेऊन आले तोवर..." त्याला महिना होऊन गेला. आपल्याविषयी कुणी लिहावं असं आपण काही केलंय, हे कौसाबाईंना कधी पटलंच नाही. मला मात्र लिहायचंच आहे.

कौसाबाई झरी गावच्या. गुरवाचं घर, त्यामुळं लहानपणापासून देवळासाठी वाती वळायच्या, पत्रावळी लावायच्या. नवरा गेल्यावर लेकीला घेऊन परभणीत आल्या आणि आमच्याकडं काचसामान धुवायच्या कामाला लागल्या. मी तेव्हा नुकतीच प्रयोगशाळा उभी केली होती. रानतुरीच्या दाण्यात एक प्रथिन असतं. शेंगा पोखरणाऱ्या अळीनं ते खाल्लं की तिचं पचनच बंद पडतं. अळीच्या पोटातल्या पाचक विकराला, म्हणजे एन्झाइमला, ते नेमकं कुठं आणि कसं धरतं, हे बघायचं तर द्रावणाच्या थेंबात दोघांचा मिळून स्फटिक वाढवायचा आणि त्यावर क्ष-किरण सोडायचे. सांगायला सोपं आहे. आम्हाला मात्र थेंबामागून थेंब नुसता गाळ मिळत होता.

एका दुपारी एका थेंबात लखलखीत स्फटिक दिसला. मी नाचायचीच बाकी होते, पेढेसुद्धा सांगितले. कौसाबाई धुतलेल्या बाटल्या ठेवायला आत आल्या, त्यांनीही वाकून बघितलं. "हात लावू का?" म्हणाल्या आणि बारीक सुईनं स्फटिक हलकेच दाबला. कट्ट! "मॅडम, हे तर मीठ हाय." मिठाचा स्फटिक कडक, आवाज करून फुटतो, प्रथिनाचा मऊ, सुई लागताच भुगा होतो. हे मी विद्यार्थ्यांना सांगत असताना बाईंनी मोरीपाशी उभ्यानं ऐकलं होतं! पेढे आम्ही मुकाट्यानं खाल्ले आणि त्या दिवसापासून सुई त्यांच्या हाती दिली.

खसखशीच्या दाण्याहून लहान स्फटिक केसाएवढ्या फाशात उचलायचा आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचा, म्हणजे तो गोठून टिकतो. माझा हात थरथरायचा, पोरापोरींचाही. कौसाबाईंचा नाही. "वात वळताना दाबलं की तुटती, सैल सोडलं की उसवती. हे बी तसंच हाय," एवढंच त्यांचं शास्त्र.

मग त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मी म्हटलं, "आता घरी आराम करा. दुसरं कुणीतरी बघू." तशा त्या भडकल्या. "मी काय भांडं हाय का, चीर पडली की बदलायला?" मग जरा शांत होऊन म्हणाल्या, "डावा हात मशीनला दिलाय, मॅडम. उजवा माझाच हाय." डायलिसिस नसेल त्या दिवशी त्या यायच्याच.

पुढच्या उन्हाळ्यात खरे स्फटिक आले. परगावच्या मोठ्या केंद्रानं क्ष-किरणांसाठी आम्हाला तारीख दिली, पण स्फटिक रोज थोडे थोडे विरघळायला लागले. उचलायला एकच दिवस हातात होता आणि तो नेमका त्यांच्या डायलिसिसचा. मी त्यांना कळवलंच नाही. सकाळपासून आम्ही सहा स्फटिक मोडले. दुपारी दारात ऑटो थांबला, रेखानं त्यांना धरून उतरवलं. दवाखान्यातून थेट आल्या होत्या, चेहरा राखेसारखा.

"कुणी सांगितलं तुम्हाला? आधी घरी जा," मी ओरडलेच.

"जाते की. आदी फासा द्या."

पहिला स्फटिक त्यांच्याही हातून मोडला. दुसराही. त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि डोळे मिटून बसल्या. मग एकेक करून नऊ उचलले. नववा बुडवल्यावर म्हणाल्या, "बास. आता हात माझं ऐकंना."

त्या नऊमधला एकच कामाला आला, पण तेवढा पुरला. केंद्रातल्या क्ष-किरणांच्या नोंदींवरून संगणकाच्या पडद्यावर आकार उमटला तेव्हा मी त्यांना बोलावलं. रानतुरीच्या प्रथिनाचं एक टोक अळीच्या विकराच्या खाचेत रुतलेलं दिसत होतं. त्या पडद्याजवळ सरकल्या. "घशात हाडूक अडकल्यावानी बसलंय की!" मी आजही वर्गात हेच वाक्य सांगते.

शोधनिबंधात मी त्यांचं नाव लेखकांत घातलं. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारलं, "अटेंडंटचं नाव? लेखकांत?" मी म्हटलं, "स्फटिक तुम्ही उचलून दाखवा, तुमचं घालते." नाव राहिलं. रेखानं ते वाचून दाखवलं तेव्हा बाईंना एकच काळजी : "माझ्या नावाम्होरं डॉक्टर न्हाई ना लावलं? लोक हसतील."

काम अजून संपलेलं नाही. अळीच्या पोटात दुसरंही विकर आहे, त्याला हे प्रथिन धरतं का, ते बघायचंय. स्फटिक तयार आहेत, उचलणारा हात नाही. मग मीच बसायचं ठरवलं. पंधरा दिवस मी नुसते मोडत होते. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा एक अख्खा वर आला.

बाई ठेंगण्या होत्या. सूक्ष्मदर्शकापुढच्या स्टुलावर त्यांनी पोत्याची जाड घडी सुतळीनं घट्ट बांधून ठेवलीय. मी त्यांच्यापेक्षा वीतभर उंच, त्यामुळं तिथं बसलं की मान मोडून येते. परवा एक विद्यार्थिनी कात्री घेऊन आली, "मॅडम, सुतळी कापू का?"

"राहू दे," मी म्हटलं आणि पुढच्या थेंबावर वाकले.