विकायला काढलेले चाकू

नातू उभा राहायला लागला आणि हाताला येईल तो खण उघडायला लागला, तेव्हा बायकोने मला बजावलं, "ते चाकू आधी आवरा." खिशात मावणारे घडीचे चाकू हा माझा छंद. म्हणजे मी तरी त्याला छंदच समजत होतो. ज्याच्या खिशात चाकू नाही तो कसला शेतकरी, असं मी चारचौघांत सांगायचो. ठिबकची नळी कापा, खताच्या गोणीची शिवण उसवा, उसाचं कांडं सोला, चाकूशिवाय पान हलत नाही.

दुपारी ओसरीवर पोतं अंथरून मी तीन वाटे केले. ठेवायचे, वापरायचे, विकायचे. ज्याचं पातं हलतं तो विकायला, जो कळकट पण धारेला चांगला तो वापरायला. शिंगाच्या मुठीचा एक होता, तो मात्र ठेवायचाच.

बायको तांदूळ निवडत बघत होती. "दुकानच मांडलंय जनू. एवढे घेतले कवा?"

"घेतले असतील," मी म्हणालो.

विकायच्या वाट्याचा फोटो काढून मी गावाच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'वापरलेले पण चांगले चाकू. ज्याला हवे त्याने बोलावे.'

पहिलं उत्तर मळ्याशेजारच्या पोराचं. 'तात्या, डावीकडून दुसरा माझा हाय. पेरू कापताना तुमच्याकडं ऱ्हायला हुता.' मी हसलो. एखादा राहतो माणसाकडून. मग दुसरा बोलला, 'लाल मुठीचा आमच्या दादांचा. लई शोधला.' तिसऱ्याने आवाज पाठवला, तोही अगदी मऊ: "इका तुमी तात्या, आमी काय बोलायचं."

मी फोन पोत्यावर पालथा ठेवला.

आमच्याकडे चाकू कुणाच्या हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. देणारा खाली ठेवतो, घेणारा उचलतो. काम झालं की घेणाऱ्यानेही तो तसाच खाली ठेवायचा. मी ठेवत नव्हतो. पातं धोतराला पुसायचं, घडी घालायची, की हात आपोआप खिशात. कुणाच्या हातातून घेतलेलं नसल्यामुळे कुणाच्या हातात द्यायचं राहिलंय, हे मनाला कधी शिवलंच नाही. आणि मागणार कोण? बांधाचं भांडण झालं की दोन्हीकडचे मलाच बोलावतात. टेप मी धरतो, आकडा मी सांगतो आणि दोघे मान डोलावतात. ज्याने बांध कोरला त्याला मी तोंडावर सांगतो, दुसऱ्याची वीतभर जमीन पचत नाही रे बाबा. अशा माणसाला 'माझा चाकू द्या' कोण म्हणणार? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी कितीतरी जणांना ऐकवली असेल.

उरलेले दोन वाटे पोत्यावर तसेच पडले होते. त्यातला देवळालीच्या बाजारात घेतलेला एक मला पक्का आठवत होता. बाकीच्यांचं काही केल्या आठवेना. पण ते कुणी पाहिले नव्हते. पोतं गुंडाळून वर टाकलं असतं तर प्रश्न मिटला असता, आणि खरं सांगतो, मी गुंडाळायला घेतलंही होतं.

"त्यांचा बी फोटो टाका," बायको म्हणाली.

"मी काय चोर हाय का?" मी ओरडलो. ती सूप उचलून आत गेली. ती भांडली असती तर मी फोटो टाकला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत चाकू घालून मी घरोघर फिरलो. प्रत्येकाने बसवून चहा दिला, जसा पाहुण्याला देतात. शिंगाच्या मुठीचा ज्याचा होता, तो चाकू हातात फिरवत म्हणाला, "मला वाटलं मोटार काढताना हिरीत पडला. गडी उतरवला हुता की शोधायला." तो गडी गाळ चाळत होता तेव्हा विहिरीच्या काठावर मीही होतो. 'वस्तू जपावी माणसानं,' असं याच माणसाला सुनावून आलो होतो. त्याला ते आठवत असणार. तो फक्त म्हणाला, "च्या घ्या, निवतोय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या तोंडावर कुणीतरी दोन शिव्या हासडायला हव्या होत्या, म्हणजे मलाही उलटून भांडता आलं असतं.

पुढे काही दिवस ग्रुपवर थट्टा चालली, मग थांबली. मला वाटलं, लोक विसरले.

परवा दोन भावांचा बांधावरून वाद झाला आणि थोरला मला बोलवायला घरी आला. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. बायकोला ऐकू जाईल अशा बेताने मी टोपी मागितली. शेतावर पोचलो, तर शेजारच्या वस्तीवरचा एकजण टेप घेऊन आधीच उभा.

"तात्या, तुमी सावलीला बसा," धाकटा म्हणाला. "टेप ह्यो धरंल. तुमाला आता वाकायला नगं."

त्यांनी लिंबाखाली माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली होती. मी बसलो. आकडा त्यानेच सांगितला, दोघांनी मान डोलावली. मग थोरल्याने माझ्याकडे बघून विचारलं, "बरोबर हाय ना, तात्या?" मी म्हणालो, "व्हय, बरोबर हाय."

माझे गुडघे ठणठणीत आहेत. आदल्याच आठवड्यात त्या दोघांच्याच शेतात मी दिवसभर वाकून कांदा लावायला मदत केली होती.